समाधीवरचा पट्टी धरलेला माणूस

आर्वीजवळ कालव्याच्या काठावर एकोणीसशे नव्वदच्या सुमारास बांधलेली एक संगमरवरी समाधी आहे. ती ज्यांची, त्या साहेबांनीच तो कालवा आखला; ते आधी इंजिनीयर होते, पुढे मंत्री झाले. समाधीच्या दर्शनी बाजूला एक प्रसंग कोरला आहे. साहेब दुर्बिणीतून बघताहेत आणि समोर उंच मोजपट्टी धरून एक तरुण उभा आहे. तो तरुण म्हणजे माझे बाबा. कारागिराने एका जुन्या फोटोवरून हे कोरलं. तो फोटो मग कुठे गडप झाला, देव जाणे. बाबांचा तरुणपणचा दुसरा फोटोच नव्हता. त्यामुळे आमच्या घरी साहेबांपेक्षा पट्टीवाल्याचाच रुबाब जास्त. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही बाबांनी आधी समाधी दाखवली, मग मला.

कालव्याला पाणी सुटलं की बाया समाधीला हळदकुंकू वाहत. साहेबांना लावून झालं की बोटावर उरलेलं पट्टीवाल्याला. बाबा चिडत, "माणसाले देव काऊन करता वं?" पण पुसायला कधी गेले नाहीत.

लग्नानंतर काही वर्षांनी मी माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी साहेबांची पुण्यतिथी होती, आणि समाधीवरचा बाबांचा अंगठ्याएवढा चेहरा हळदीने पिवळाधम्मक. देवघरातलं पितळ लखलखीत करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, ही माझी घमेंड. लिंबं आणि तारेची घासणी घेऊन गेले. दगडावर बारीक फेस आला तेव्हा वाटलं, वा, मळ निघतोय. दुपारी दगड वाळला. हळद गेली होती, पण लिंबाने संगमरवरही खाल्ला होता; डोळे आणि मिशीही गेली होती. उरला होता एक खरबरीत डाग. बाबांचा एकुलता एक तरुण चेहरा मी भांड्यासारखा घासून टाकला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी जाऊन बाबांना सरळ सांगितलं. ते चपला घालून माझ्यासोबत आले. बराच वेळ त्या डागावर अंगठा फिरवत राहिले. मला रडू आवरेना.

"कायले रडतं पोरी?" ते म्हणाले. "तो मी नव्हतोच. फोटो काहाडला त्या दिवशी मी तापानं घरी पडलो होतो. पट्टी दुसऱ्यानं धरलती. मले सांगाची लाज वाटे."

क्षणभर केवढं हलकं वाटलं. मग माझी नजर त्या माणसाच्या डाव्या हातावर गेली. लहानपणी बैलबंडीवरून पडून बाबांचा डावा हात कोपरात कायमचा वाकडा झाला होता. संगमरवरातला हातही तसाच वाकडा होता.

बाबांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी हळूच आपल्या पंजाने तो दगडी हात झाकला.

"असन दुसरा कोणी, बाबा," मी म्हटलं.