गाडीच्या पोटावरचा शेंदूर

देवीवर माझा भरवसा आहे, असं मी आयाबायांना छाती ठोकून सांगत आले. पण त्या दुपारी पडघ्याच्या पुढे, हायवेच्या कडेला आमची पिकअप बंद पडली आणि मागे चंद्री कण्हायला लागली, तेव्हा तो भरवसा कुठे पळाला होता ते मला ठाऊक आणि देवीला ठाऊक. तोंडाने नाव तेवढं तिचंच चाललं होतं हो.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. आमचं गाव खडवलीकडचं. आमच्या ह्यांनी जाण्याआधी एक पारडी आणली होती, कपाळावर पांढरा चांद असलेली. हे गेले आणि ती माझ्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. सकाळी मी उठले की आधी तिच्याशी बोलायचे, मग माणसांशी. तर ही चंद्री विणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. पहाटेपासून कळा देत होती, पण पुढे काही सरकेना. गुरांचे डॉक्टर आले, हात घालून पाहिलं, म्हणाले, "गर्भपिशवीला पीळ बसलाय." तिला लोळवून पाहिलं, तरी पीळ सुटेना. शेवटी त्यांनी ठाण्याला फोन लावला. कोलशेतच्या अलीकडे जनावरांचा एक दवाखाना आहे, तिथे ऑपरेशनची सोय होती. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, वाटेत थांबू नका. उशीर झाला तर दोघंही हाती लागायची नाहीत."

आणि नेमकी गाडीच थांबत होती. गाडी माझा मुलगा संतोष चालवत होता. फाट्यावरून हायवेला लागलो तोवर ठीक होतं. मग गाडी आचके द्यायला लागली, गुरगुरली आणि बंद. संतोष उतरला, बॉनेट उघडलं, डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढलं. फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबदाब दाबला. गाडी सुरू झाली. मी देवीला हात जोडले. पडघा मागे पडलं आणि पुन्हा तेच, आचके, गुरगुर, गप्प.

"एअर धरतेय, डिझेलच्या नळीत हवा अडकतेय," तो म्हणाला.

"डिझेल संपलं नाही ना रे?"

"आई, कालच संध्याकाळी भरलंय ना. काटा बघ, पाऊण टाकी आहे."

काटा मी पाहिला. पण मला काट्यातलं काय कळतंय! मला मागून येणारा चंद्रीचा आवाज तेवढा कळत होता. ती उभी होती, फळीला अंग टेकून, डोळे मोठे करून. दुसरी गाडी मागवावी म्हटलं तर तिला एका गाडीतून दुसरीत घ्यायचं कसं? मध्ये बसली असती तर परत उठलीच नसती. मी मागे चढले, तिच्या मानेला हात लावून उभी राहिले. अंग तापलेलं, शेपटी थरथरत होती. खरं सांगते, तिथे मी देवीशी भांडले. कालच अमावास्या झाली. गाडीला नारळ फोडला, लिंबू-मिरची नवी बांधली, तुझा शेंदूर लावला, तरी हे? काय कमी पडलं गं माझ्याकडून? भक्ती केली म्हणजे गाडी बंद पडायची नाही असा जणू तिच्याशी करार होता माझा.

संतोष परत पंप दाबत होता, हात काळे, शर्ट घामाने चिकटलेला. तेवढ्यात बाजूच्या कच्च्या रस्त्याने एक माणूस आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल, एका हातात रिकामा कॅन, दुसऱ्यात प्लास्टिकची नळी. मला वाटलं, आला बाई कोणी मदतीला. तर तो म्हणतो, "दादा, थोडं डिझेल मिळेल का? ट्रॅक्टर शेतात अडकलाय, पंप लांब आहे."

संतोष उसळलाच. "इथे आमची काय हालत आहे दिसत नाही का? म्हैस मरायला टेकलीय आणि तुला डिझेल पाहिजे!"

तो माणूस ओशाळला. गाडीत डोकावला, चंद्रीकडे बघून म्हणाला, "अरे देवा. मावशी, राहू द्या, राहू द्या. तिचं बघा आधी." आणि वळला.

आता बघा, आमच्या घरात एक रीत आहे, सासूबाईंपासूनची. भर दुपारी दाराशी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. काही नाही तर गुळाचा खडा आणि पाणी, पण हात रिकामा नको. ती गाडी हेच माझं दार होतं त्या वेळी. आणि मला वाटलं, मी इतकी मुठी आवळून उभी आहे, माझी म्हैस, माझं रेडकू, माझी गाडी, माझी देवी. माझ्या मुठीत काय राहणार आहे? जायचं असेल ते जाईलच. मी वरूनच हाक मारली, "अहो भाऊ, थांबा. संतोष, दे रे त्यांना."

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाहीये. तरी दे. गाडी चालत नाहीच आहे, तर डिझेल काय पूजेला ठेवायचंय?"

तो चडफडत टाकीपाशी गेला. झाकणावर माझाच शेंदूर होता. तुम्ही हसाल, पण गाडीच्या तोंडात जिथून घास जातो तिथे देवीची खूण हवी, असं माझं मत. दर अमावास्येला तिथे शेंदूर थापायचा. या वेळी तर काल डिझेल भरून आल्यावर शेंदूर लावला आणि धुळीने पुसला जाऊ नये म्हणून वरून रुंद चिकटपट्टी मारली होती, चांगली घट्ट. संतोष सकाळपासून तीनदा गाडीभोवती फिरला असेल, पण आईने पूजलेलं म्हणून त्याने झाकणाला हात लावला नव्हता. आता त्याने पट्टी ओढली आणि झाकण फिरवलं.

फुस्स्! टाकीने एवढा मोठा श्वास आत ओढला की मला मागे ऐकू आला. पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं ना, तसा.

संतोषने झाकण उलटंसुलटं करून नखाने शेंदूर खरवडला. खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, हवा आत यायचं. ते मी बुजवलं होतं. तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो ना, एकाने तेल येईना म्हणून, तसंच हे. हवा येईना म्हणून टाकी डिझेल सोडेना. जन्मभर डबे फोडले मी, पण डोक्यात नाही आलं.

"आई," संतोष म्हणाला, "तुझ्या देवीने नाही, तूच गळा दाबलास गाडीचा." आणि हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

त्या भाऊंनी कॅन भरून घेतला. चंद्रीच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "सुटेल हो, मावशी." आणि आले तसे कच्च्या रस्त्याने गेले. नाव विचारायचंही भान नव्हतं. नंतर त्या वाटेने जाता-येता मी किती वेळा बघितलं, पण ते काही परत दिसले नाहीत. ते कोण होते यावर मी वाद घालत नाही. शेतकरी असतील. डिझेल मागायला आले, एवढं मात्र खरं. देवी द्यायलाच येते असं मी समजत होते. ती मागायलाही येते, हे मला माहीत नव्हतं.

झाकणाचं भोक पुरतं मोकळं होईना, म्हणून माझ्या पिशवीतला ओटीचा खण टाकीच्या तोंडावर सैलसा बांधला, संतोषने पंप दाबून गाडी सुरू केली आणि निघालो. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव कानात. आता आचका देईल, आता देईल. काशेळीचा पूल आला, बाळकुम आलं, गाडी चालत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी चंद्रीला तपासलं आणि लगेच आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसले. त्या वेळी देवीला काही मागितलं नाही. सवयीने हात जोडले, मग सोडले आणि मांडीवर उघडे ठेवले. आत काय होईल ते तिच्याकडे. असं बसणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

चंद्री वाचली आणि पारडीच झाली. आईसारखाच चांद आहे कपाळावर, जरा वाकडा.

अमावास्येला मी अजून गाडी पुजते. नारळ, लिंबू-मिरची, बॉनेटवर शेंदूर, सगळं करते. टाकीच्या झाकणापाशी आले की नुसते हात जोडते आणि भोक मोकळं आहे ना तेवढं बघते. माया करताना, भक्ती करतानासुद्धा, एवढीशी जागा उघडी ठेवायची. देवी आत यायची असेल तर तिथूनच येते.