विमानवाल्या पोरीचे पाव्हणे

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मगच सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना शेजारच्या वहिनींच्या नाकातून चहा आला होता.

मी हर्सूलची पिको-फॉलवाली. रागाच्या भरात मी पुष्कळ उद्योग केलेत. पण पोरीच्या स्कॉलरशिपवर स्वतःच्या हातानं पाणी फिरवायचा पराक्रम एकदाच केला!

पोरगी माझी, पल्लवी. पुण्याला एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकते. विमानं, रॉकेटं, तसलं. हे शिकणाऱ्या मुलींसाठी एका ट्रस्टची स्कॉलरशिप होती, तिचा अर्ज भरलेला. मिळाली तर शिक्षण पुढं, नाही तर पोरगी घरी. इतकं सरळ होतं.

आणि खुलताबादला माझ्या नणंदबाई! दर आठवड्याला एक स्थळ. त्या शनिवारीही फोन आलाच. "वहिनी, उद्या पाव्हणे धाडते. पोरगी सुट्टीला आलीय तोवर दाखवून टाका. इमानं बनवायचं काय, बाप्ये बघतील की!"

"पाठवून तर बघा! चहा सोडा, पाणीसुद्धा दाखवणार नाय!"

मोबाईल आपटून समाधान होत नाही हो. म्हणून शिलाई मशीनचं पायडल जोरात हाणलं.

हसू नका. राग का येतो माहितेय? मला बारावीच्या निकालाआधी बघून गेले होते. निकाल लागला तेव्हा मी सासरी भाकऱ्या थापत होते. फर्स्ट क्लास होता माझा! कुणी पेढासुद्धा दिला नाही.

रविवारी पल्लवी पुस्तक आणायला औरंगपुऱ्यात गेलेली. दारात दोन बायका आणि एक गृहस्थ. इस्त्रीचे कपडे, हातात फाईल. मी लगेच ओळखलं!

"पल्लवीचं घर हेच ना?"

"व्हय."

बसले आणि सुरूच झाले. घर स्वतःचं का? शेती किती? वडील कुठं कामाला? माझं डोकं तापत होतं, तरी मी गप्प होते. खरंच!

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलीला बोलवता का? दोन प्रश्न विचारायचे होते."

"कशाला? चालून दाखवायचं का तिनं? का भाकरी गोल येती का बघायचीय?"

बाई दचकल्या. गृहस्थ घाईनं म्हणाले, "ताई, तिच्याच भल्यासाठी आलोय. निवड झाली तर पुढचा सगळा खर्च आमचा."

म्हणजे पोरगी उचलून न्यायची आणि वर उपकार!

"निवड करणारे तुम्ही कोण? बाजारात म्हैस बघायला आलात का? माझी पोरगी इमान बनवणार हाय! उठा, लई झालं!"

"अहो, तुमचा गैरसमज होतोय…"

"उठा म्हणते ना!"

गृहस्थांची एक चप्पल मी स्वतः गेटबाहेर भिरकावली. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. बावीस वर्षं साठलेला राग होता तो.

आत आले तर खुर्चीवर त्यांची फाईल राहिलेली. उघडली. आत पल्लवीचा फोटो! वर लिहिलेलं, 'एरोस्पेस शिष्यवृत्ती: अर्जदाराच्या घरी भेट.'

गेटकडं धावले, तर तिघं गेलेले. तेवढ्यात पल्लवी आली, फाईल बघितली. "आई, ट्रस्टची माणसं कधीही येतील असं सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं असेल हो! मशीन चालू असताना मी सगळ्यालाच व्हय म्हणते. पोरगी भांडली असती तर परवडलं असतं. होस्टेलची बॅग अर्धी भरली होती, ती रिकामी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन ट्रस्टच्या ऑफिसात गेले, हात जोडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत येतो."

त्या रविवारी मी तोंडाला कुलूपच लावलं. दहा वाजता एक वयस्कर जोडपं आलं. मला वाटलं, पहिल्यांची हिंमत झाली नसेल, ट्रस्टनं दुसरी माणसं पाठवली. पोहे, चहा, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, सगळं पुढं मांडलं. शेती किती? सांगितली. मुलीला बोलवा? बोलावली!

"आमच्याकडून होकार आहे," काका म्हणाले.

मी तर रडलेच हो! पेढ्यांचा बॉक्स फोडला. काकूंनी पेढा खाल्ला आणि पर्समधून एका मुलाचा फोटो काढला.

"हा आमचा मुलगा. मागच्या रविवारी यायला जमलं नव्हतं. तुमच्या नणंदबाई म्हणत होत्या, वहिनी लई तापट. तुम्ही तर अगदी गरीब गाय!"

आणि नेमके तेव्हाच दारात ट्रस्टचे तिघं. गृहस्थांनी चपला हातातच धरलेल्या.

मोठ्या बाईंनी पेढे बघितले, फोटो बघितला. "घरात लग्नाची बोलणी चालू आहेत का, असा एक प्रश्न आहे फॉर्ममध्ये."

एरवी नको तिथं भडकणारी मी! तेव्हा तोंडात अख्खा पेढा! शेवटी पल्लवी पुढं आली.

"काका, माफ करा. मला शिकायचंय. आईलाबी तेच पाहिजे. फक्त कोण कशाला आलंय, एवढंच तिला कळत नाय."

स्कॉलरशिप मिळाली. बॅग परत भरली गेली. पुण्याला जाताना पोरगी दारावर एक कागद चिकटवून गेलीय. निघताना वाचा तुम्ही पण:

'कृपया येण्याचे कारण दारातच सांगावे. आई विचारत नाही.'