संयोगिताच्या मागून सहा दिवस

कुंडलचे हंबीरराव पवार जपानला जाण्याआधी महिनाभर रोज सकाळी सागरेश्वरची खिंड सायकलने चढत होते. वय त्रेसष्ट. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेली. खिंडीच्या पायथ्याला गुंडा माने यांचं चहाचं दुकान आहे. दोघं एका वर्गातले.

"हितले रस्ते संपले व्हय रं, सायकल माराय जपानला निघालास?" गुंडा रोज विचारायचे.

"तितं लेक हाय."

"मग इमानानं जा, भेट, माघारी ये. मदी सायकल कशाला?"

"तिला येळ न्हाई, गड्या."

हे खरं होतं. संयोगिता बत्तीस वर्षांची, एकुलती एक. पुण्यात जपानी शिकली, दुभाषी म्हणून तिकडच्या एका कारखान्यात लागली. गेली चार वर्षं ती शिकोकू नावाच्या बेटावर परदेशी पाहुण्यांना खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरवते. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत एक फेरी संपली की दुसरी. हिवाळ्यात ती दरवर्षी घरी यायची. गेल्या हिवाळ्यात आली नाही. तिथे काम आहे, एवढंच म्हणाली. वर्षाच्या शेवटच्या फेरीत मार्गदर्शकाला घरचं एक माणूस आणता येतं. तिने वडिलांना बोलावलं.

हंबीररावांच्या पत्नी बनुबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, तरी बोलणं समजतं. दिवसभर शेजारच्या रंगुबाई त्यांच्याजवळ असतात. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं रंगुबाईंकडे, रात्रीचं हंबीररावांकडे; ते जपानला असेपर्यंत तेही रंगुबाईंकडे. माडीवरची खोली संयोगिताची. तिथे आता कोणी झोपत नाही, पण बनुबाई दर गुरुवारी ती झाडून घेतात आणि पलंगावरची चादर बदलायला लावतात.

निघायच्या दिवशी बनुबाईंनी नवऱ्याला एकच काम सांगितलं. "कवा माघारी येनार, ते तोंडावर इचारा. फोनवर ती हसून घालवती."

कंपनीचं माहितीपत्रक आठ पानांचं होतं. संयोगिताने त्याचं मराठी करून पाठवलं होतं. वर लिहिलं होतं, 'फेरीत काय अपेक्षा ठेवावी'. हंबीररावांनी पलूसला जाऊन त्याची प्रत काढून आणली आणि वरिष्ठांचा हुकूम वाचावा तशी वाचली. रोज तीस ते पंचेचाळीस किलोमीटर. चढ आहेत; बॅटरीची सायकल हवी असल्यास आधी कळवा. एकामागे एक चाला, दोन सायकलींत पाच मीटर ठेवा. मार्गदर्शकाच्या पुढे जाऊ नका. सामानाची गाडी मागून येईल. दमलात तर तिच्यात बसा, त्यात कमीपणा नाही. घरात शिरताना बूट काढा. गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी अंग धुवा. कचरा स्वतःजवळ ठेवा, वाटेत कुंड्या नाहीत. शेवटच्या पानावर होतं: भेटणारी माणसं बहुतेक म्हातारी असतील. बरीच घरं बंद दिसतील. फोटो काढण्याआधी विचारा.

हे सगळं बनुबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी आपल्यागतच हाय की."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फेरी सुरू झाली. हंबीररावांना धरून सात पाहुणे. त्यांनी बॅटरीची सायकल घेतली नाही. पहिल्या सकाळी संयोगिताने सगळ्यांना ओळीत उभं करून सूचना दिल्या, हेल्मेटचे पट्टे ओढून पाहिले. जपानी रीतीप्रमाणे ती प्रत्येकाच्या नावाला 'सान' लावत होती. यादीत पाचवं नाव आलं, तेव्हा ती म्हणाली, "हंबीरराव-सान." हंबीररावांनी हात वर केला.

माहितीपत्रकातलं सगळं खरं निघालं. रस्ते गुळगुळीत, वाहनं डावीकडून जाणारी. भातं कापून झालेली, पेंढ्या आडव्या बांबूंवर उलट्या टांगलेल्या. झाडांवर तांबड्या फळांचे घोस होते, पण उतरवायला माणूस नव्हतं. फळं तशीच गळून रस्त्याकडेला पडत होती. एका शाळेचं मैदान झाडून लख्ख ठेवलेलं होतं. संयोगिताने थांबून सांगितलं, शाळा बंद होऊन तेरा वर्षं झाली, शेजारचे एक गृहस्थ रोज झाडतात. पाहुण्यांनी विचारून फोटो काढले.

बोलायला वेळ मिळेल असं हंबीररावांना वाटलं होतं. मिळाला नाही. सायकलवर ती सगळ्यात पुढे आणि मध्ये चार पाहुणे. संध्याकाळी ती सायकलींच्या चाकांची हवा बघायची, पुढच्या मुक्कामाला फोन करायची, कोणाच्या गुडघ्याला पट्टी बांधायची. जेवताना सगळ्यांशी इंग्रजीत बोलायची. वडिलांशीही तिच्या तोंडून तेच यायचं.

तिसऱ्या दिवशी एका लांब चढावर चौघं पाहुणे मागे पडले. संधी साधून हंबीरराव उभं राहून पायडल मारत पुढे गेले आणि तिच्या बरोबरीला आले. बोलायला तोंड उघडेपर्यंत त्यांची सायकल हातभर पुढे गेली. संयोगिताने मान न वळवता तळहात आडवा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत सांगितलं, मार्गदर्शकाच्या पुढे कोणी जायचं नाही. मग हळू म्हणाली, "आबा, मागं व्हा. म्होरं वळण हाय."

वळणावरून लाकडाचा ट्रक आला. हंबीरराव मागे गेले. चूक त्यांची होती, हे त्यांनी नंतर गुंडा मानेंनाही सांगितलं. पुढे जाऊन त्यांनी शिस्त मोडली होती.

पाचव्या दिवशी दुपारचं जेवण एका दरीतल्या गावात होतं. रस्ता संपतो तिथे बावीस घरं, त्यांतली पंधरा बंद. वाटेवर एक म्हातारी बाई कमरेतून वाकून उभी होती. तिने संयोगिताचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हंबीररावांनी खिशातून कुंडलच्या गुळाचा खडा काढून तिला दिला. तिने तो कपाळाला लावला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

जेवणाची व्यवस्था शेवटच्या घरात होती. लेक कुलूप काढत असताना हंबीररावांच्या लक्षात आलं की किल्ली कंपनीच्या जुडग्यातली नव्हती. संयोगिताने ती स्वतःच्या खिशातून काढली.

बूट काढून सगळे आत बसले. जेवणाचे डबे गाडीतून आले होते: भात, मासा, लोणच्याच्या फोडी. हंबीररावांनी डबा संपवला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. भिंत नव्याने लिंपलेली. कोपऱ्यात घडी घातलेली वाकळ. तिच्या कडेला हिरव्या लुगड्याची पट्टी होती. लुगडं बनुबाईंचं आणि वाकळही त्यांनीच शिवलेली, हात चालत होता तेव्हाची.

ऑस्ट्रेलियाच्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही कधीतरी भारतात परत जाणार का?

हंबीररावांना इंग्रजी समजतं. बनुबाईंचा जो प्रश्न घेऊन ते घरून निघाले, तो दुसऱ्याच कोणीतरी विचारला होता.

संयोगिताने डबे गोळा करता करता उत्तर दिलं. गेल्या हिवाळ्यात हे घर घेतलं, ती म्हणाली. बरीच वर्षं रिकामं होतं. गावात अकरा माणसं राहतात. माझ्यासह आता बारा.

बाई म्हणाल्या, छान. बाकीच्यांनी मान डोलावली.

संयोगिता आत गेली आणि स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन आली. वर फुलपात्र उपडं घातलेलं, कुंडलला आल्यागेल्याला देतात तसं. सगळ्यांना चहा होता, पाणी फक्त वडिलांसाठी. ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"आबा, पानी घ्या."

हंबीरराव उठले. दारात जाऊन बूट घातले, सायकलला लावलेली बाटली काढली आणि उभ्याने तीतलं पाणी प्यायले.

कुंडलकडचे जुने लोक लेक दिलेल्या घरी पाणी पीत नाहीत. तिला मूल होईपर्यंत तरी नाहीच. ते घर आता तिचं, आपला त्यावर हक्क नाही, एवढाच त्याचा अर्थ. संयोगिताला तो सांगावा लागला नाही. ती तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

"आबा, माजं लगीन कुटं झालंय?"

"ठावं हाय मला."

"मग?"

"घर बरं हाय," हंबीरराव म्हणाले. "पन्हाळीला गंज धरलाय. पावसाच्या आत बदलून घे."

मग तांब्यातलं पाणी तिने पायरीजवळच्या झाडाला ओतलं आणि घड्याळ पाहून पाहुण्यांना हेल्मेट घालायला सांगितलं. उरलेली फेरी तिच्या नियमांप्रमाणे पार पडली. सहाव्या दिवशी स्टेशनवर तिने सगळ्यांना वाकून निरोप दिला. वडिलांच्या पाया पडली. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

कुंडलला हंबीरराव पोचले तेव्हा बनुबाई खुर्चीत बसून होत्या.

"इचारलं?"

"न्हाई."

"का वं?"

"घर घेतलंय तिनं तितं."

बनुबाईंनी डाव्या हाताने पदर सारखा केला. त्याला वेळ लागला.

"तुमी पानी प्यालासा?"

"न्हाई."

त्यानंतर बनुबाईंनी या विषयावर काही विचारलं नाही. सायकल आता गोठ्याच्या भिंतीला आहे. खिंडीकडे हंबीरराव जात नाहीत. गुंडा मानेच संध्याकाळी येऊन बसतात, थट्टा करत नाहीत. दर रविवारी संयोगिताचा फोन येतो. ती आईला औषधांचं विचारते, आई तिला थंडीचं विचारते.

हंबीरराव परतल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी रंगुबाई नेहमीप्रमाणे केरसुणी आणि धुतलेली चादर घेऊन जिना चढू लागल्या.

"ऱ्हाऊ दे, रंगू," बनुबाई खालून म्हणाल्या.

"आवं, धूळ बसंल की."

"बसू दे."

रंगुबाई वर गेल्या, खोलीला बाहेरून कडी घातली आणि चादर तशीच खाली घेऊन आल्या.