गोळी आणि चहा यांच्या मधला वेळ

"मामी गेल्या…" धाकट्या दिरांनी फोनवर एवढंच सांगितलं. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. धाराशिवच्या शाळेतून मी नुकतीच घरी आले होते. चपला काढायच्या राहिल्या, तशीच तामलवाडीची गाडी धरली.

लग्न होऊन त्या घरी आले तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसणारी आणि मामी अखंड बोलणाऱ्या. आमचं जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. दिवस राहिले आणि माझ्या अंगात रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मामींच्या मते त्या गोळ्या उष्ण. म्हणून त्या रोज सकाळी म्हशीचं दूध तापवून त्याच्याबरोबर मला गोळी द्यायच्या, वर कपभर चहा. गल्लीतल्या गरोदर बायकांनाही त्यांचा हाच सल्ला. माझं रक्त मात्र वाढेना. घागर उचलली तरी धाप लागायची. "असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मामींचा चेहरा उतरला.

"गोळी कशाबरोबर घेते ही?"

"दुधासंगं. निस्त्या पाण्यानं उष्ण पडती की हो."

"अहो मावशी, दूध नि चहा पोटात असला की गोळीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. पाण्याबरोबर द्या, लिंबू पिळलं तर आणखी चांगलं. चहा-दूध दोन तासांनी."

एसटीनं आम्ही परतलो. घर आलं तरी आत न येता त्या थेट शेजारी गोदाकाकूंकडं गेल्या; काकूंची सूनही गरोदर होती. काकूंनी सोडलं नाही. "काल दूध म्हनत हुतीस, आज लिंबू. उद्या काय, ताक?"

"उद्याचं उद्या बघू. आज लिंबू पिळ अन् च्या लांब ठिव. माजं चुकलं म्हंते की!"

अशा त्या दारोदार फिरल्या, जिला जिला सांगितलं होतं तिच्याकडं. मी शिकलेली, वाचणारी. पण आपलं चुकलं हे इतक्या मोकळेपणानं सांगत फिरणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली, तर चुलीवर चहाचं आधणच नव्हतं. तांबडं फुटायच्या आत चहा लागणारी बाई ती. "तुमचा चहा?" मी विचारलं.

"तुज्या म्होरं बसून म्या एकटीनंच भुरकू व्हय? पिऊ की संगंच."

मग चहाची वेळ होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसायचो. आधी त्याच बोलायच्या. हळूहळू मीही बोलू लागले… आईला सांगितलं नसतं असं कितीतरी त्या वेळात त्यांना सांगितलं. पुढच्या तपासण्यांत रक्त वाढत गेलं. मुलगी झाली, आम्ही दोघी सुखरूप. पुढे नोकरीसाठी आम्ही धाराशिवला आलो, तरी ते बसणं मोडलं नाही. सुट्टीत गावी गेले की सकाळी मामी ओट्यावर वाट बघत असायच्या.

आता मला थायरॉइडची गोळी आहे. तिच्यावरही लगेच चहा चालत नाही. तेरावं करून आम्ही परतलो. सकाळी गोळी घेतली, तसं यांनी विचारलं, "चहा टाकू?"

"थांबा जरा," म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बसले. मामींना सांगायचं बरंच साठलं होतं.