आत्याचा अर्धा धवला

आमच्या पनवेलच्या घरात कम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजात होतो. नेटवरून एकमेकांच्या कम्प्युटरमधली गाणी उतरवायचं एक फुकट सॉफ्टवेअर मी त्यात टाकलं होतं, कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. त्याची अट एकच: तुम्ही काही वाटलंत तर लवकर मिळेल, नाहीतर बसा रांगेत. माझ्याकडे वाटण्यासारखं होतं काय? आत्याचा आवाज.

पळस्प्याची आत्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. धवला गाऊन लग्न लावणारी ती. हेडफोनच्या माइकसमोर बसवून मी तिचा अख्खा धवला रेकॉर्ड केला.

"आयकनार कोन रं?" ती म्हणाली.

खरंच कुणीतरी परक्याने पूर्ण फाइल उतरवून घेतली. मी शेफारलो.

पुढे डिस्क भरली. एका सिनेमासाठी जागा हवी होती, म्हणून मी धवला उडवला. नेटवर आहेच की, लागेल तेव्हा घेऊ. घरातलं सोनं नाव-गाव न विचारता वाटसरूकडे ठेवायला द्यावं, तितकंच हे शहाणपण. तेव्हा मात्र मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

काही वर्षांनी आत्याला लकवा झाला. वाचा गेली. मग तिच्या नातीचं लग्न ठरलं.

"काका, माज्या लग्नाला आजीचाच धवला पायजे. तुमच्याकडं हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.

सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. तोवर ते वापरणारी माणसंच पांगली होती. खूप शोधल्यावर एकाकडे फाइलचा सुरुवातीचा तुकडा मिळाला. पुढचं कुणाकडेच नव्हतं. महिनाभर मी कम्प्युटर चालू ठेवला. घरात कुणाला काही बोललो नाही. लग्नापर्यंत येईल, असं स्वतःला सांगत राहिलो.

मांडवात मी तो तुकडा लावला. आत्याचा आवाज आला, तिच्यामागून बायकांनी ओळ म्हटली. दुसरीही म्हटली. तिसरीत आवाज तुटला. खुर्चीत बसलेली आत्या थांबली नाही. पुढची ओळ तिला येत होती. ओठ नीट हलत होते, आवाज तेवढा नव्हता. बायका तिच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

मला काहीच वाटलं नाही. ना लाज, ना रडू.

"नेट स्लो हाय," मी म्हणालो.