फलकावरचा पेनी

शाळकरी मुलं विद्यापीठ बघायला येतात त्या खुल्या दिवसाला आमच्या रसायन-अभियांत्रिकी विभागाच्या दारात एक फलक उभा करतात. त्यावर सुरक्षा-चष्मा लावून हसणारा पेनी आहे आणि खाली लिहिलंय, ‘उद्याचा अभियंता’. हा उद्या कधी उजाडणार, ते काही लिहिलेलं नाही.

पेनी म्हणजे पेनिसिमानी, माउंट ड्रुइट या कामगार उपनगरातला, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या टोंगन घरातला. पहिल्याच वर्षी त्याने शाळकरी मुलांसमोर नळीतून फेसाचं कारंजं उडवलं आणि अख्खा वर्ग बाकांवर चढला. आमचे प्राध्यापक रॉस खूश झाले. फलक छापून आला तेव्हा पेनीच्या आईने कचेरीत ताट भरून लू पाठवलं, अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं. सगळ्यात जास्त रॉसनीच खाल्लं.

आमच्याकडे पदवीला एक अट आहे. कारखान्यात बारा आठवडे काम केल्याशिवाय, सगळे पेपर सुटले तरी पदवी नाही. कारखाने मुलांना घेतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे इथे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि शाळकरी मुलांचं आमचं शिबिरही नेमकं जानेवारीत.

“पेनी, तुझ्यावाचून शिबिर म्हणजे मिठावाचून जेवण रे,” रॉस म्हणायचे. “एवढा उन्हाळा काढ. कारखान्याचं मी बघतो.”

दरवर्षी तेच. हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही. मी कचेरीतून सगळं बघत होते. एकदा पेनीला म्हटलंच, “अरे गधड्या, बाकीची पोरं बघ, कारखान्यात जाऊन बसलीत. तू फेस काय उडवतोयस?”

“आंटी, चिडता कशाला? रॉस बघतायत.”

शेवटच्या वर्षी त्याने स्वतःच अर्ज केले. प्रत्येक कारखान्याने विचारलं, याआधी कुठे काम केलंस? फेसाला तिथे काडीची किंमत नव्हती. मग तो रॉसकडे गेला. निदान शिबिराचे आठवडे तरी धरा, म्हणाला.

“नियम आहे रे,” रॉस म्हणाले. “माझ्या हातात असतं तर...”

शिबिर त्यांच्या हातात होतं, फलक त्यांच्या हातात होता, नियम मात्र नव्हता! सगळे पेपर सुटलेला हा पोरगा आता एका गोदामात खोके रचतो. मला अजून संताप येतो.

यंदाही फलक उभा राहिला. मी टेबलावर पत्रकं लावत होते, तेवढ्यात एक शाळकरी पोर फलकाला खेटून स्वतःचा फोटो काढू लागली. पेनीची धाकटी बहीण सेला. रॉसनी तिला बरोब्बर हेरलं. दोन मिनिटांत तिने आजूबाजूच्या मुलांना हसवलंही होतं.

“भावासारखीच बोलकी आहेस की!” रॉस म्हणाले. “इथे प्रवेश घे. जानेवारीत शिबिराला मदत कर. पुढचं सगळं मी बघतो.”

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, “सेला, हो म्हणायच्या आधी भावाला विचार, त्याच्या पदवीचं काय झालं!”

रॉस पत्रकं चाळू लागले. सेला माझ्याकडे बघून हसली, अगदी फलकावरच्यासारखी.

“विचारलं ना, आंटी. तो म्हणाला, रॉस बघतायत.”