भिंतीतले सहा फूट

शिरूरच्या स्टँडवर सकाळी दौंडची एसटी लागली तेव्हा मी आधीच चिडले होते. गाडी वेळेवर लागली म्हणून जरा जास्तच. उशीर झाला असता तर चिडायला दुसरं काही तरी मिळालं असतं.

दोन दिवसांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा, कमलचा, दौंडहून फोन आला होता. "ताई, ऐक्य सप्ताह आहे. दोन्ही चर्चची एकत्र उपासना आपल्या चर्चमध्ये होणार आहे. तू ये. आणि भांडायच्या तयारीनं ये."

आधी घरचं थोडं सांगते, म्हणजे भांडण कशाचं ते कळेल. आम्ही मूळचे दौंडचे, प्रोटेस्टंट. कमलनं लग्न केलं ते फिलिपशी, रेल्वेतल्या कॅथलिक फिटरशी. दोघांनीही चर्च बदललं नाही. चाळीस वर्षं दर रविवारी फिलिप तिला स्कूटरवरून आमच्या चर्चच्या दारात सोडायचा, स्वतः त्याच्या चर्चला जायचा आणि येताना तिला घेऊन यायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. दौंडमध्ये आम्हा ख्रिस्ती लोकांची दफनभूमी एकच, फाटकही एकच, पण मधोमध भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे कॅथलिक. पलीकडची जागा भरत आलेली, म्हणून फिलिपला मिळाली ती भिंतीला अगदी चिकटून. अलीकडे, बरोबर त्याच्या समोर, कमलनं स्वतःची जागा राखून ठेवलीय. तिच्या हक्काची, तिच्याच चर्चच्या बाजूची. तिचं हृदय आता थकलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलंय. तिचं मागणं एवढंच, की दोघांच्या जागांमधली तेवढी सहा फूट भिंत काढा. दोन वर्षं ती दोन्ही चर्चच्या समित्यांकडे अर्ज करतेय.

न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आडवा आला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. शेजारी मांडवगण फराट्याची एक बाई मेथीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"कुठं निघालात आज्जी?"

"दौंडला. भांडायला."

"जिमिनीचं का?"

"सहा फुटांचं."

"मंग बांधाचं म्हना की." तिला लगेच पटलं. "आमच्या धाकल्या दिरानं बी बांध कोरलाय. किती वर्सं झाली, बोलनं न्हाई. आन् दोगंबी देवाला एकाच गाडीतनं जात्यात."

न्हावऱ्याला उतरताना तिनं मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, भांडून आल्यावर भूक लागती.

पुढे पारगावला भीमेचा पूल लागला. थंडीत नदीवर धुकं धरलं होतं. मग केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं (उसाच्या रसाचा गूळ करायच्या भट्ट्या) सुरू झाली आणि खिडकीतून गोड, जळकट वास आत आला. एरवी मी तिथं उतरून काकवी घेते. त्या दिवशी वास घेतला आणि नाक वळवलं. राग टिकवायचा तर तोंड गोड करून चालत नाही.

दौंडला कमलनं बाजरीची भाकरी आणि पावट्याची आमटी केली होती, बसून बसून, दमत. मी आणलेली मेथी तिनं निवडायला घेतली.

"ताई, तू माझ्या लग्नाला आली नव्हतीस," ती म्हणाली.

"डोकं दुखत होतं माझं."

"आई सांगायची, लग्नातून घरी आणलेली बासुंदी तू दुखऱ्या डोक्यानं दोन वाट्या खाल्लीस."

मी आमटी वाढून घेतली. ती बासुंदी मला शेहेचाळीस वर्षं झाली तरी पचलेली नाही. पण हे तिला कशाला सांगू.

संध्याकाळी चर्चवर मोठा फलक होता, 'आपण सर्व एक'. आत एक झालेले सर्व उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळे बसले होते. आमचे पाळक आणि त्यांचे फादर, दोघेही तरुण, दोघेही बदलीवर आलेले. दोघांनीही छान प्रवचनं केली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. कॅथलिक लोक त्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओळीआधी थांबले, आमचे लोक आमच्या रिवाजाप्रमाणे पुढे गेले. थांबलेल्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही सिग्नल तोडला. कमल माझ्या कानात म्हणाली, "घरी मी ती ओळ एकटी म्हणायचे. फिलिप थांबून राहायचा आणि मग माझ्याबरोबर आमेन म्हणायचा." म्हणजे या दोघांनी जे स्वयंपाकघरात जमवलं, त्यासाठी इथे सप्ताह घालावा लागला होता, आणि तरी जमलं नव्हतं.

उपासनेनंतर चहा. चहाची टेबलं दोन. आमच्या बायकांचा चहा एकीकडे, त्यांच्या बायकांचा दुसरीकडे. मी मुद्दाम पलीकडे जाऊन चहा घेतला. आलं जास्त होतं. आवडला, तरी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

तिथेच दोन्ही समित्यांचे अध्यक्ष गाठले. आमचा सॅम्युएल, ज्याला मी रविवारच्या शाळेत शिकवलंय आणि ज्याचं नाक माझ्या पदरानं पुसलंय. आणि त्यांचे डॉमनिकराव, रेल्वेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट.

"सॅम्युएल, माझ्या बहिणीच्या अर्जाचं काय झालं?"

"एस्तेरताई, भिंत त्यांची आहे. आम्ही कशी पाडणार?"

"भिंत यांची," डॉमनिकराव म्हणाले. "यांच्याच लोकांनी बांधली."

"दोन पावसाळ्यांपूर्वी कोपरा ढासळला," मी म्हणाले, "तेव्हा तुम्ही दोघंही म्हणत होता, आमची नाही. तो अजून तसाच आहे. मग पाडायला नको का म्हणता?"

"तसं नाही ताई." सॅम्युएलनं आवाज खाली घेतला, पाळकासारखा. "वाडवडिलांनी काही विचार करून ठेवलेलं असतं. त्यांच्या श्रद्धेला हात कसा लावायचा?"

डॉमनिकरावांनी मान डोलवली. संध्याकाळभरात दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं.

मी कप खाली ठेवला. "सॅम्युएल, ते वाडवडील कोण होते ठाऊक आहे तुला?"

"जुनी मंडळी."

"मी होते. वय एकोणीस, दोन वेण्या, डोक्यावर घमेलं."

मग मी सगळंच सांगून टाकलं. त्या काळी एकाच दिवशी दोन दफनविधी आले, त्यांच्या उदाचा धूर आमच्या बाजूला आला, आणि आमच्या तरुण संघाला भयंकर अपमान वाटला. तक्रारीचा अर्ज माझ्या अक्षरात गेला. अक्षर सुंदर होतं, अक्कल बेताची. मेच्या सुट्टीत श्रमदानानं भिंत बांधली. सिमेंट परवडत नव्हतं म्हणून चिखलात. आणि मी विटा वाहिल्या त्या श्रद्धेनं नाही. संघाचा चिटणीस पेटी वाजवायचा, त्याला बारीक मिशी होती, आणि त्यानं माझ्याकडे बघावं अशी माझी इच्छा होती. महिन्याभरात तो एकदा बघून म्हणाला, "विटा नीट धरा." पुढे सोलापूरला बदली झाली आणि तिथं त्यानं एका कॅथलिक मुलीशी लग्न केलं.

बायका दोन्ही टेबलांवर हसल्या. डॉमनिकराव हसले नाहीत. सॅम्युएल म्हणाला, "तरी ताई, संयुक्त बैठक घ्यावी लागेल. वरिष्ठांना लिहावं लागेल." पाळकांकडे पाहिलं तर ते फादरांकडे बघत होते, आणि फादर केककडे.

कमल खुर्चीत बसून होती. म्हणाली, "चल ताई, घरी." तिच्या आवाजात राग नव्हता. तो नव्हता म्हणून माझा दुप्पट झाला. दोन वर्षं या बाईनं दमत दमत अर्ज लिहिले आणि हे लोक तिच्या मरणाची वाट पाहत होते, कारण ती गेली की अर्जही निकाली निघणार होता.

सकाळी रिक्षा करून आम्ही दफनभूमीत गेलो. तिथं गौतमराव भेटले. ते आमच्यातले नाहीत, शेजारच्या बौद्ध वस्तीतले. गेली तीस वर्षं दोन्ही बाजूंच्या कबरी तेच खणतात.

"गौतमराव, या दोन बाजूंत फरक काय हो?"

"पल्याड मुरूम लागतो, हिकडं काळी माती हाय," ते म्हणाले. "पल्याड खनायला येळ जातो. दुसरं काय न्हाई."

काय करायला आलेय ते मी सांगितलं. त्यांनी कमलकडे पाहिलं, फिलिपच्या बाजूला पाहिलं.

"मी हात लावला तर माजी नोकरी जाईल, ताई. मी च्या प्यायला जातो. पहार (खणायची जाड लोखंडी सळई) हितंच ऱ्हाती."

पहार मला पेलेना. पण ढासळलेल्या कोपऱ्यापासून फिलिपची कबर जवळच होती, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीनं लिंपलेला चिखल चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातानं सुटत होता. पहारेचं टोक नुसतं खुपसायचं, वीट हलायची. कमल गौतमरावांनी दिलेल्या खुर्चीवर बसून सांगत होती, "ती नको, आधी वरची." जन्मभर मी तिला शिकवत आले, आता ती मला शिकवत होती. फिलिपचा क्रूस दिसू लागला तशी तिनं खुर्ची पुढे ओढली.

एवढ्यात, कुणीतरी कळवलं असणार, फाटकाशी स्कूटर थांबली. पुढे सॅम्युएल, मागे डॉमनिकराव, एकमेकांना धरून. रागानं का होईना, दोघं एका वाहनावर बसले होते. सप्ताहाचं चीज झालं.

"ताई, काय केलंत हे?"

"मी बांधलेलं मी काढलं. आता तुम्ही बांधून घ्या."

"बांधणारच," सॅम्युएल म्हणाला. "आम्ही आजच गवंडी लावतो."

"तुम्ही कोण लावणार?" डॉमनिकराव उसळले. "भिंत दोघांची आहे. संयुक्त बैठकीत ठराव झाल्याशिवाय एका विटेलाही हात लावायचा नाही."

सॅम्युएलनं जरा विचार केला. "बरोबर आहे. बैठकीशिवाय नाही."

मी कमलकडे पाहिलं, कमलनं माझ्याकडे. दोन वर्षांत या लोकांची एकही संयुक्त बैठक झालेली नव्हती. आम्ही दोघींनी गंभीर चेहरे केले आणि बैठकीला मान्यता दिली.

दुपारच्या गाडीनं परत निघाले. कंडक्टरनं पायाशी ठेवलेली पिशवी सरकवायला घेतली आणि थबकला.

"आज्जी, काय भरलंय एवढं?"

"वीट आहे."

"शिरूरात विटा मिळत न्हाईत व्हय?"

"ही माझी तरुणपणची आहे."

त्यानं मला शिरूरचं तिकीट दिलं आणि पिशवी जपून सीटखाली सरकवली.

दौंडहून घरी आले तरी राग उतरला नाही, आणि उतरावा असं वाटतही नाही. प्रार्थनेत 'एक कर' म्हणायचं आणि बाहेर येऊन गवंडी शोधायचा, हे मी पाहिलंय आणि केलंयही. ती वीट मी उंबऱ्याच्या आत ठेवलीय. सून म्हणते, वाटेत आहे, कुणाच्या तरी पायाला लागेल. लागतेच. रोज सकाळी माझ्याच.